चौदा खोल्यांचं हस्तांतरण

गॅरिकने तिन्ही हॉटेलं विकली आणि त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. पण हे तूर्त बाजूला ठेवू. अजून तसं काही घडलेलं नाही. सकाळचे दहा वाजलेत, ह्यूऑन नदीवर ऊन आहे, आणि गॅरिक धडधाकट उभा राहून नेरिडाच्या हातातली खोल्यांची यादी पाहतोय.

"करारात इथल्या चौदा लिहिल्यात," तो हळूच म्हणाला. "आहेत किती?"

"तेरा. बावीस वर्षं मीच झाडतेय, पोरा. मोजायला मला वकील लागत नाही."

"वकिलानेच घोळ घातलाय. एक खोली कमी भरली तर व्यवहार मोडेल. मग मी सगळ्याला कुलूप लावून मेलबर्नला परत. तुम्ही एकोणीसजण सफरचंदं तोडायला मोकळे."

नेरिडाचं वय बावन्न होतं आणि गुडघ्यांचं त्याहून जास्त. शिडी तिला झेपणार नव्हती.

हा पसारा मेव्ह टिलयार्डने उभा केला होता. बापाच्या सफरचंदांच्या शेडमध्ये तिने बारा खोल्या काढल्या आणि लाकडाचा वास तसाच ठेवला. त्या वासासाठी सिडनीकर चार-चार महिने आधी नाव नोंदवायचे. मग नदीकाठी आणखी दोन हॉटेलं झाली. अकरा वर्षांपूर्वी तिने सगळं गॅरिकला विकलं. त्याही करारात चुकून बाराच्या तेरा झाल्या होत्या. नेरिडा यादी घेऊन फिरली, तर बाराव्या खोलीच्या पलीकडे खरंच एक दार होतं. तिने तीनदा ठोठावलं.

"थोड्या वेळाने या," आतून आवाज आला.

आतून उत्तर आलं की दार उघडायचं नाही. यादीवर 'पाहुणा आत' लिहायचं आणि पुढे व्हायचं. तिने लिहिलं. तेव्हापासून रोज लिहितेय. दाराशी ठेवलेले टॉवेल संध्याकाळी ओले मिळतात. आवाज मेव्हचा आहे, पण आवाज ओळखणं हे साफसफाई खात्याचं काम नाही. मेव्ह क्वीन्सलंडला गेली, असं लोक म्हणतात. गॅरिकने कधी चौकशी केली नाही. कायम भरलेली खोली कुठल्या मालकाला खुपते?

साडेदहाला हॉटेलं विकत घेणाऱ्यांतर्फे टेओबाई सिंगापूरहून आल्या. प्रत्येक दारापाशी थांबून त्या खूण करत होत्या. तेराव्याशी उत्तर आलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "या कधीपासून आहेत?"

"बऱ्याच दिवसांच्या आहेत," नेरिडा म्हणाली.

पुढे चादरींचं कपाट होतं. म्हणजे कालपर्यंत होतं.

आता तिथे दार होतं. पितळी आकडा, चौदा. रंग वाळलेला. नुकत्याच चिरलेल्या लाकडाचा वास.

गॅरिकने नेरिडाला डोळा मारला. "बघ, वकील हुशार निघाला."

"आत काय असेल रे?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिने तीनदा ठोठावलं.

"थोड्या वेळाने या."

किंचित नाकातला, मेलबर्नचा आवाज. गॅरिकचा. गॅरिकचं तोंड मिटलेलं होतं. नेरिडा त्याच्याकडेच बघत होती.

"अगदी तुमच्यासारखा आवाज आहे हो!" टेओबाई म्हणाल्या.

गॅरिक हसला. आतलाही हसला, जरा उशिरा.

"नेरिडा, उघड ते."

"आत पाहुणा आहे."

"अगं, मालक आहे मी!"

"बारा वाजेपर्यंत."

सगळ्या दारांना चालणारी किल्ली तिच्या हातातच होती. उघडलं असतं तर काय दिसलं असतं, या विचाराने तिची बोटं शिवशिवली. आत खोली नसलीच तर? मग यादीत तेराच. एकोणीस माणसं.

तिने लिहिलं, 'पाहुणा आत'.

"चौदा," टेओबाईंनी खूण केली. "बरोबर आहे."

बाराला सह्या झाल्या. गॅरिक कोट घेऊन गाडीकडे निघाला.

गाडी अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदाव्या दाराखालून हॉटेलचा छापील दुरुस्ती अर्ज सरकत बाहेर आला. अक्षर नीटनेटकं, एकही रकाना रिकामा नाही. नेरिडाने तो नियमाप्रमाणे फाइलला लावला.

'खोली क्रमांक चौदाच्या दाराला आतल्या बाजूने मूठ बसवून मिळावी, ही नम्र विनंती.'