डेव्हिडचा काळा चेहरा

"मेधा, लगेच ये. घरात कुणीतरी आलं होतं." फोनवर तिची मैत्रीण स्नेहल दबक्या आवाजात बोलत होती. "कदाचित अजून घरातच आहे."

मेधा राजवाडे शनिवार असूनही पाया लेबारच्या ऑफिसात बसली होती. विमा कंपनीत दावे तपासणं हे तिचं काम. हरवलं, जळलं, चोरीला गेलं असं सांगणाऱ्या माणसांचं ती ऐकायची आणि त्यांनी न सांगितलेलं शोधायची. तिनं तोंडाला मास्क लावला आणि एमआरटीची मेट्रो पकडली.

२०१३ चा जून होता. सुमात्रातल्या जंगलांच्या आगींचा धूर सिंगापूरवर उतरला होता. जुरोंग ईस्टला ती स्टेशनबाहेर आली, तेव्हा समोरच्या इमारतीही दिसत नव्हत्या. रस्त्यावरची माणसं धुरातून अचानक समोर यायची आणि तशीच नाहीशी व्हायची.

स्नेहलच्या नवऱ्यानं, सुगतनं, दार उघडलं. त्याच्या हातात क्रिकेटची बॅट होती.

"कपाटं बघितली, पलंगाखाली बघितलं. कुणी नाही."

"मग बॅट ठेव. मलाच मारशील."

तो हसला नाही. त्यानं हॉलकडे बोट दाखवलं.

तिथं चित्रकाराच्या लाकडी घोडीवर कोळशानं काढलेलं एक मोठं चित्र होतं. मायकेलअँजेलोचा डेव्हिड. खांदा, बरगड्या, उजव्या हातावरच्या फुगलेल्या शिरा, सगळं जिवंत. फक्त चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी काळाकुट्ट डाग होता.

"आणि बाबांचा पासपोर्ट गेला," स्नेहल म्हणाली. "मेधा, ही धमकी आहे का? आमचं कुणाशी काय वाकडं आहे?"

सुगतचे वडील भाऊसाहेब गजभिये अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांसमोर ते प्लास्टरचा एक डोळा ठेवायचे. डेव्हिडच्या डोळ्याचा तो साचा होता. पुतळ्याचा तेवढाच भाग त्यांच्या वाट्याला आला होता. निवृत्तीनंतर अख्खा डेव्हिड बघायचा, हा त्यांचा हट्ट. स्नेहलनं सगळी तयारी केली होती. फ्लॉरेन्सचं विमान उद्या रात्रीचं होतं. पुतळा असलेल्या गॅलरीची तिकिटंही वेळ ठरवून काढलेली होती. चौघांचे पासपोर्ट शोकेसच्या खणात होते.

"चारही गेले?"

"नाही. बाबांचाच."

मेधा खणापाशी थोडी थांबली.

"दाराला आतून कडी होती," सुगत म्हणाला. "धुरामुळे खिडक्या बंद. बाहेरून कुणी येऊच शकत नाही. म्हणजे आतलंच कुणीतरी." त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तिच्या फडक्यावर कोळसा सापडला. संध्याकाळी मी पोलिसांत जातोय."

स्वयंपाकघरात वाती उभी होती. जावाहून आलेली, घरकामाला राहणारी. तिची बॅग जमिनीवर उलटी करून ठेवली होती. कपडे, कंगवा, एका लहान मुलीचा फोटो.

"मॅम, आय नेव्हर टेक," ती कुजबुजली. "पोलीस कम, माय परमिट गॉन. दे सेंड मी होम. माय गर्ल स्टिल स्कूलिंग."

"कोळसा कुठून लागला?"

"फ्लोअर डर्टी, आय वाइप. एव्हरीडे आय वाइप."

मेधा हॉलमध्ये परत आली. "सुगत, पोलिसांत जाण्याआधी मला सगळ्यांशी बोलू दे."

भाऊसाहेब खुर्चीत ताठ बसले होते. बोलताना ते मेधाच्या कानाकडे बघत होते.

"काका, चित्र कधी काढलंत?"

"पहाटे. पोस्टर समोर ठेवून. पण हल्ली सगळं धुरकटच दिसतं."

"बाबा, अख्ख्या सिंगापूरला धुरकट दिसतंय," सुगत वैतागून म्हणाला.

"मग चित्र ठेवून कुठं गेलात?"

"अंघोळीला. होतं तसं ठेवून गेलो."

"चेहरा तेव्हा कसा होता?"

भाऊसाहेबांनी मान फिरवली. मेधानं विषय बदलला. "माझीही इंटरमिजिएट झालीय, काका. बी ग्रेड."

"बी का?"

"किटलीची चोच चुकली."

"डोक्यातली चोच काढली असशील." ते पहिल्यांदा थोडे खुलले. "माहीत असतं ते काढायचं नसतं, पोरी. दिसतं तेच काढायचं. आवडो, न आवडो."

सुगतच्या आई कमलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कप नवऱ्यासमोर ठेवला नाही. त्यांचा हात धरून कपाच्या कानाला लावून दिला.

"काकू, पासपोर्ट शेवटचा कुठं पाहिलात?"

"खणातच ठेवले होते ना सगळे."

"आज सकाळी होता?"

"सकाळी नुसती धावपळ. तुला साखर कमी चालते ना?"

"वातीनं घेतला असेल?"

"तिला काही बोलू नका. लेकरू आहे ते."

"मग कुणी घेतला?"

कमलाबाई पदराला हात पुसत आत निघून गेल्या.

"आई फार घाबरल्यात गं," स्नेहल हळूच म्हणाली. "आज वंदनेलाही बसल्या नाहीत. ताप असला तरी चुकवत नाहीत कधी."

कोपऱ्यात बुद्धमूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. समोरच्या मेणबत्तीची वात कोरी पांढरी होती.

मेधा पुन्हा चित्रापाशी गेली. अगदी जवळ वाकली. मग मागं सरकून दुरून पाहिलं. डाग मधोमध गडद होता आणि कडेकडेला बोटानं घासून हलका केलेला. एकही रेघ ओरबाडलेली नव्हती. कान आणि केसांची कड शाबूत होती.

सुगतनं मास्क उचलला. "पुरे झालं. मी निघतो."

"थांब," मेधा म्हणाली. "चोर नाहीये. सगळ्यांना बोलव. वातीलाही."

सगळे आले. वाती दाराला चिकटून उभी राहिली.

"पासपोर्ट विकायला चोरणारा चारही नेतो," मेधानं सुरुवात केली. "इथं फक्त काकांचा गेला. म्हणजे घेणाऱ्याला पासपोर्ट नको होता. काकांनी जाऊ नये, एवढंच हवं होतं. त्यात वातीचा काय फायदा? आणि घोडीखालचा कोळसा ती रोजच पुसते."

"मग चित्र कुणी बिघडवलं?" सुगतनं विचारलं.

"कुणीच नाही. राग काढणारा माणूस फरकाटे मारतो. इथं शेडिंग केलंय, सावकाश, शिकलेल्या बोटानं. हे चित्र बिघडलेलं नाही. बरोबर काढलेलं आहे." ती भाऊसाहेबांकडे वळली. "काका दिसतं तेच काढतात."

भाऊसाहेब कप ठेवायला गेले, तो बशीच्या कडेवर आपटला. स्नेहलनं तो काढून घेतला.

"चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा जातो," ते म्हणाले. "मधोमध काळं येतं. पुतळ्याचाच नाही, कुणाचाही. सुगतचासुद्धा."

"कधीपासून, बाबा?"

"हा धूर यायच्या आधीपासून. धूर आला तेव्हा बरंच वाटलं. कुणी विचारत नव्हतं."

सुगतनं मास्क टेबलावर टाकला. "आणि मी सगळं धुरावर ढकलत होतो."

"पासपोर्ट राहिला," मेधा म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "घाबरलेलं माणूस आधी हात जोडायला जातं. या घरात आजच कुणी मेणबत्ती लावली नाही. बुद्धपौर्णिमेला मी इथं होते. वंदनेत पंचशील म्हणतात. दुसरं शील, न दिलेलं घेणार नाही. चौथं, खोटं बोलणार नाही. ज्यानं आज सकाळीच, आयुष्यात पहिल्यांदा, न दिलेलं घेतलं, तो ते म्हणणार कसा? काकू, मी तुम्हाला चार प्रश्न विचारले. एकालाही तुम्ही खोटं उत्तर दिलं नाहीत. सरळ उत्तरही दिलं नाहीत. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

कमलाबाई उठल्या. खोलीतून त्यांनी वंदनेची पांढरी साडी आणली, घडी उलगडली आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला.

"कमल?" भाऊसाहेब म्हणाले. "तू?"

"पहाटे उठले तर हे चित्र. बघितलं आणि कळलं, डोळे किती गेलेत ते." त्यांनी साडीची घडी पुन्हा घातली. "जन्मभर तुम्ही तो एक डोळा पोरांपुढं ठेवलात. इतक्या लांब जाऊन त्याच्यासमोर उभं राहायचं आणि तो दिसायचाच नाही? ते मला बघवलं नसतं. चोरानं नेलं म्हटलं, तर दोष चोरावर गेला असता. तुमच्या डोळ्यांवर नाही. सुगत या पोरीची बॅग उलटी करेल, हे ध्यानातच आलं नाही माझ्या. आणि केली तेव्हा तोंड उघडेना."

त्या वातीसमोर गेल्या आणि त्यांनी हात जोडले.

"आई, डोन्ट लाइक दॅट," वातीनं घाईनं त्यांचे हात खाली केले. मग तिला रडू फुटलं.

"सॉरी, वाती," सुगत म्हणाला. "आय वॉज राँग."

वातीनं डोळे पुसले. आत जाऊन गुडघ्यांवर बसली आणि एकेक वस्तू बॅगेत परत भरू लागली. फोटो तिनं सर्वांत शेवटी ठेवला.

"उद्या रविवार असला तरी सकाळी आधी डोळ्यांचा डॉक्टर," स्नेहल म्हणाली. "नको म्हणाला तर तिकिटं रद्द."

"डॉक्टर म्हणेल ते ऐकेन. पण हो म्हणाला तर मी जाणार," भाऊसाहेब म्हणाले. "समोर बघितलं की जातं. नजर जरा बाजूला ठेवली की येतं. मघापासून मेधाच्या कानाकडे बघतोय, म्हणून तर ती दिसतेय." त्यांनी घोडीच्या दिशेनं मान वळवली. "आणि तो तरी कुठं समोर बघतो? मान वळवून बाजूलाच बघत उभा आहे, पाचशे वर्षं. जमेल आमचं दोघांचं."

कमलाबाईंनी मेणबत्ती लावली. चटईवर बसून वंदना सुरू केली. पहिलं शील झालं. दुसऱ्यापाशी त्या थांबल्या.

वाती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ते शील पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हटलं. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.