चौथ्या बाजूची शिवण

"काका, नुसता स्टॅबिलायझर पुरेल, की विजेतली खरखर गाळणारा पॉवर कंडिशनर घेऊ?"

नवे स्पीकर घरात येऊन चार दिवस झाले होते आणि पुतण्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. जेवणं आटोपली होती. काकांनी चष्मा पुसला.

"आधी काय गाळायचं ते ठरव. मग गाळणी आण."

"झालं सुरू," पुतणी म्हणाली, पण पाय वर घेऊन बसली.

"माझा एक मित्र होता. सगळे त्याला ट्रान्झिस्टरच म्हणायचे. अँप्लिफायर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खोटं बोलायचा नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नव्हती त्याला. त्यानं मला सांगितलं, तसं सांगतो."

नोव्हेंबरची अकरा तारीख होती, मंगळवार. रात्री दहाच्या सुमारास ट्रान्झिस्टर अवजारांची पेटी आणि एक जडशीळ डबा घेऊन सरांच्या घरी पोचला. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, गाण्याचे दर्दी. पत्नी जाऊन आठ महिने झाले होते. आता कुठे त्यांनी पुन्हा रेकॉर्ड लावायला सुरुवात केली होती, तर स्पीकरमधून खरखर यायला लागली. रोज रात्री पावणेअकराला.

"घड्याळ लावून येते की काय?" ट्रान्झिस्टर हसला.

"तू हस बाबा. माझं आता एवढंच उरलंय, आणि तेही धड ऐकू येत नाही. स्टॅबिलायझर बसवून झाला, काही उपयोग नाही."

"स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो, सर. खरखरीतलं त्याला काही कळत नाही. ती वायरीतून येते. तिला अडवायला हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर." त्यानं डब्यावर थाप मारली. "पण आधी चोर कोण ते बघू. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची."

सरांनी रेकॉर्ड लावली. दोघं बसले. पावणेअकरा झाले, आणि गाण्याच्या मागे सुरू झालं... खर्रर्र. मग थांबलं. पुन्हा खर्रर्र.

"मोटर आहे," ट्रान्झिस्टर लगेच म्हणाला. "ब्रशवाली. मिक्सर असेल, नाहीतर शिलाई मशीन. शेजारी कुणी शिवतं का?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"शेजारचं घर वर्षभर बंद आहे. शिवायची ती ही. मी रेकॉर्ड लावायला आणि हिचं मशीन सुरू व्हायला एकच गाठ. कात्री समोर खिळ्याला टांगलेली असली तरी दोरा दातानं तोडणार. तीस वर्षं भांडलो. शेवटी एकदा ओरडलोच, बंद कर ते! त्यानंतर माझं ऐकणं संपेपर्यंत ती मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसायची. एक शब्द बोलली नाही." त्यांनी अँप्लिफायरकडे पाहिलं. "शेवटी याचंच कव्हर शिवत होती. राहिलं."

ट्रान्झिस्टर उठून मेन बोर्डाशी गेला. त्यानं एकेक स्विच पाडला. फ्रिज. पंखे. स्वयंपाकघर. शेवटी फक्त दिवाणखान्यात वीज उरली.

खर्रर्र...

मागच्या खोलीचं दार त्यानंच उघडलं. टॉर्च मारला. मशीन जागेवर होतं. वायर गुंडाळलेली, प्लग वर ठेवलेला. सुईखाली काळं कापड. तीन बाजू शिवलेल्या, चौथी अर्धी. त्यानं मोटरवर तळहात ठेवला.

कोमट होती.

तो बाहेर आला.

"काय होतं?"

"काही नाही, सर."

इथं तो चुकला. म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवा, असं त्याला वाटलं. त्यानं मुकाट्यानं ट्रान्सफॉर्मर जोडला. खरखर गेली. साफ गेली. गाणं असं स्वच्छ वाजायला लागलं की सर नकळत "वा!" म्हणाले.

रेकॉर्ड संपली. सरांनी दुसरी लावली नाही.

"किती वाजले?"

"अकरा पाच."

"ती साडेअकरापर्यंत शिवायची." सर स्पीकरच्या जाळीकडे बघत होते. "मोटर म्हणालास ना तू? मग... मी पुन्हा थांबवलं का रे तिला?"

आता ट्रान्झिस्टरला राहवेना. वायर गुंडाळलेली होती, मोटर कोमट होती, सगळं त्यानं सांगून टाकलं. आपल्याला वेड्यात काढतील, असं त्याला वाटलं.

"काढ तो डबा," सर म्हणाले.

"सर, अहो..."

"काढ."

त्यानं काढला. प्लग थेट भिंतीत घातला. रेकॉर्ड नाही, काही नाही. नुसता अँप्लिफायर चालू.

अकरा बारा. काही नाही.

अकरा वीस. काही नाही.

सर वळले. मागच्या खोलीकडे तोंड करून, अगदी हळू बोलले.

"अगं... शीव तू. मी ऐकतोय."

शांतता.

ट्रान्झिस्टरला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मग...

खर्रर्र.

लांब. सलग. जरा थांबून पुन्हा. सर डोळे मिटून ऐकत होते. गाणं ऐकावं तसं. साडेअकराला आवाज थांबला. मागाहून एकच, बारीकसा...

तट्.

काका थांबले. पुतण्यानं कधी मोबाइल उलटा ठेवला होता, त्याचं त्यालाही कळलं नसेल.

"मग?" पुतणी कुजबुजली. "गेले ते आत?"

"गेले. सर पुढे, हा मागे."

"आणि?"

"सुईखाली कापड नव्हतं. घडी करून मशीनवर ठेवलेलं होतं. चौथी बाजू पुरी शिवलेली. कात्री खिळ्यालाच होती, तिच्यावर आठ महिन्यांची धूळ. दोरा तुटलेला होता. ट्रान्झिस्टरनं त्याचं टोक चिमटीत धरलं..."

काकांनी अंगठा बोटावर घासला.

"ओलं होतं."