पोस्टमनच्या दोऱ्या

मी तशी भित्री नाही. ज्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज दोन-चार मुंडकी रंग सुकायला ठेवलेली असत, त्या घरातली मुलगी कशाला भिणार? बाबा कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करायचे. ते गेल्यावर त्यांचं सगळं सामान संग्रहालयानं प्रदर्शनासाठी मागून घेतलं. रंगवलेली गल्ली, तिच्यातले दिवे, आणि वर बाबांचं उभं राहायचं मचाण, सगळं जसंच्या तसं उभं केलं. कुजलेल्या दोऱ्या काढून नव्या बांधायचं काम माझ्याकडे आलं.

त्या दुपारी संग्रहालयाला सुट्टी होती. प्रमुख बाईंच्या मागे लागून मी एक परवानगी मिळवली होती. पुढची काच बसण्याआधी बाबांच्या पोस्टमन बाहुल्याचा खेळ एकदा आईला दाखवायचा. आई हल्ली बाबांना पार विसरली होती. फोटो पुढे धरला की विचारायची, "हे गृहस्थ कोण?" एकदा, फक्त एकदा तिनं त्यांना ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

पोस्टमनला दोऱ्या बांधून, त्यांची वरची टोकं जिला बांधतात आणि जी हातात धरून बाहुली खेळवतात, ती लाकडी फुली मी मचाणावरच्या खुंटीला अडकवली. त्याचे बूट खाली गल्लीला टेकले. मी समाधानानं चहाला गेले.

परत आले तेव्हा दालनात अंधारून आलं होतं. लाकडाच्या भुशाचा वास होताच, पण त्यात खोकल्याच्या गोळ्यांचाही वास मिसळला होता. बाबांच्या गालात कायम एक गोळी असायची. मी गल्लीकडे पाहिलं. पोस्टमनचे बूट जमिनीपासून वीतभर वर होते... आणि तो हळूहळू झुलत होता.

मी मचाणावर चढले. फुली खुंटीवर नव्हती. खुंटीच्या वर, माझ्या खांद्याच्या उंचीला, ती नुसती हवेत होती.

मी घाबरलेच. पण खरं सांगते, त्याच क्षणी माझी चूक माझ्या लक्षात आली. दोऱ्या खेळवणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर बेततात. बाबा म्हणायचे, "दोऱ्या म्हणजे चपला. दुसऱ्याच्या मापाच्या कामाच्या नाहीत." सवयीनं मी माझंच माप घेतलं होतं. बाबा ताडमाड उंच.

"बाबा..." मी फुलीकडे बघत विचारलं. "आखूड झाल्या का?"

फुली एकदा खाली वाकली. हो म्हणताना बाबांची मान वाकायची, तशीच.

मी नव्या दोऱ्या कापल्या, आधीपेक्षा वीतभर लांब. बांधून होईपर्यंत फुली जागची हलली नाही. बूट गल्लीला टेकले तशी माझी भीतीही बरीचशी उतरली. आपल्याच माणसाला किती वेळ घाबरायचं?

इतक्यात पहारेकरी काका आईला हाताला धरून घेऊन आले. मी खाली उतरले आणि तिच्या शेजारी बसले.

"तू नाही का वर जाणार?" काकांनी विचारलं.

"नको... तुम्ही दिवे लावा फक्त."

दिवे लागले. पोस्टमन चालू लागला. दोन पावलं टाकली, थबकला, पिशवीत डोकं घालून शोधाशोध करू लागला. काका दाराशी खांबासारखे उभे राहिले. आई मात्र खुदकन हसली.

"आता शिंकेल बघ," ती म्हणाली. तो शिंकला. "तुझे बाबा ना, एवढ्या वर्षांत काही बदल करतील तर शपथ."

मला रडू आवरेना. किती दिवसांनी 'तुझे बाबा' ऐकत होते मी! तिचा हात मी घट्ट धरला. छान उबदार होता.

"आणि शेजारी ती कोण उभी आहे गं?"

"कुठं... आई?"

"वर. त्यांच्या शेजारी." तिनं डोळे बारीक केले, मग अंगावरचा निळा स्वेटर चाचपला. "माझाच स्वेटर घातलाय तिनं." आवाजात तक्रार नव्हती. "बरं झालं बाई. एकटे कंटाळून गेले असते."

मी वर पाहिलं नाही. खाली गल्लीतली एक खिडकी उघडली. एक बाहुली बाहेर वाकली, आणि पोस्टमनकडे बघून हात हलवू लागली. तिला मी अजून एकही दोरी बांधली नव्हती.