खोकल्याची वही

"वाच. मोठ्याने वाच. तुझंच अक्षर आहे ना?"

नवऱ्याने वही टेबलावरून तिच्याकडे ढकलली. समोर वन्सं बसल्या होत्या, हाताची घडी घालून, निकालाच्या दिवशी शाळेत बसत असतील तशा. आणि टेबलाच्या टोकाला ठमी... तिची तेरा वर्षांची पोर, जिच्यासाठी ही वही, हे घर, हा सगळा जन्म तिने आखून काढला होता, ती आईकडे न बघता टेबलावरचा डाग नखाने खरवडत होती.

तिने वही उघडली. तारीख, वेळ, उबळ किती, काय दिलं. चार वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. अकरा वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलेली बाई ती. नोंदीत खाडाखोड तिला खपायची नाही.

"सोमवार," तिने वाचलं. "दहा ते एक, उबळ पाच वेळा. छातीत शिट्टी वाजते. वाफ दिली. गणित अर्धं राहिलं."

"पुढे."

"मंगळवार. उबळ सात..."

"रविवार वाच."

तिचं बोट मंगळवारच्याच ओळीवर राहिलं.

"रविवार वाच म्हणतो ना!"

"रविवार. धड्यांना सुट्टी. उबळ... एक."

"आता तुझी कावीळ. ते बारा दिवस."

काविळीने पिवळीधमक होऊन ती आतल्या खोलीत पडली होती, तेव्हासुद्धा ठमीला दारातून विचारून, उशीवर वही ठेवून तिने नोंद केली होती. "उबळ नाही," तिने वाचलं. "नाही. नाही. नाही..." तिच्याच्याने पुढचं वाचवेना. बारा ओळी. तोच एक शब्द, तिच्याच नेटक्या अक्षरात!

"म्हणजे आई अंथरुणाला खिळली की पोरगी ठणठणीत," वन्सं म्हणाल्या. "आणि आई उठून शिकवायला लागली की पोरगी आडवी. छान!"

कधी

ठमी नऊ वर्षांची असताना एकदा तिला शाळेतून उचलून आणलं होतं, ओठ निळे पडलेले, डोळे पांढरे झालेले. त्या दिवशी तिने ठरवलं, आता ही पोर माझ्या नजरेसमोरून हलणार नाही. नोकरी सोडली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी "वर्षभराची रजा घे, जागा ठेवते" म्हणून हात धरला, तर तिने तो सोडवून घेतला.

घरातल्या मोठ्या खोलीची एक भिंत तिने स्वतः काळी रंगवली. ठमीची खाट तिथेच, भिंतीला लागून, म्हणजे पडल्या पडल्याही अभ्यास व्हावा. रस्त्यावरची धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद केल्या, फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. आणि रोज सकाळी सहाला उठून ती भिंतीवर दिवस मांडायची. औषधं लाल खडूने, धडे पांढऱ्या, जेवणखाण पिवळ्या. सगळ्यांचे रकाने होते. नवऱ्याच्या रक्तदाबाचा होता, ठमीच्या चष्म्याचा होता, वन्सं जेवायला यायच्या त्या गुरुवारचा सुद्धा होता! तिचा स्वतःचा तेवढा नव्हता... आणि तो नाही हे चार वर्षांत घरातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

दिवसभर लिहायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, पुन्हा लिहायचं. संध्याकाळी ती ठमीची उशी झटकायची, तेव्हा पांढरी भुकटी उडायची. तिला वाटायचं, अंगाला लावलेली पावडर असेल.

कशाने

नव्या डॉक्टरीणबाईंनी चार वर्षांचा गोषवारा मागितला म्हणून ती एका दुपारी आलेखाचा कागद घेऊन बसली. खोकल्याचे ठिपके लाल पेनने, धड्यांचे निळ्या. ठिपके जोडत गेली, आणि दोन रेघा एकमेकींच्या अंगावर चढल्या! जिथे निळी वर, तिथे लाल वर. जिथे निळी तुटलेली, तिथे लालही गपकन खाली.

तिने तीनदा तपासलं. मग खाटेजवळ जाऊन उशीवरून ओलं बोट फिरवलं आणि उजेडात धरलं.

...

बराच वेळ ती तशीच उभी होती, बोट वर धरून, शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

कुणाला कळणार होतं? भिंत पुसून टाकायची, उद्यापासून कागदावर शिकवायचं, महिन्याभरात खोकला ओसरला असता आणि सगळे म्हणाले असते, वय वाढलं, सुटली पोर! आई ती आईच राहिली असती. पण प्रयोगशाळेत चुकीचा अहवाल गेला की तो परत मागवायचा असतो आणि खाली आपली सही करायची असते, ही सवय तिच्या हाडात भिनली होती. डॉक्टरीणबाईंना तिने सांगितलं. त्यांनी ठमीची तपासणी केली आणि म्हणाल्या, "खडूच. बंद खोली, कोरडं पुसणं, उशाशी फळा... याहून वाईट जागा शोधून सापडली नसती." संध्याकाळी चहाच्या वेळी तिने तेच नवऱ्याला सांगितलं. आणि नवऱ्याने आपल्या बहिणीला बोलावून घेतलं.

कुणामुळे

"कळलं नाही म्हणतेस?" वन्सं म्हणाल्या. "रक्ताच्या थेंबात काय दडलंय ते तुला दिसायचं, आणि पोरीच्या उशीवरचा खडू दिसला नाही?"

"नाही दिसला, वन्सं."

"की बघायचाच नव्हता? पोरगी बरी झाली असती तर शाळेत गेली असती. मग वहिनीबाईंच्या हाताला काम काय उरलं असतं?"

"ताई, राहू दे," नवरा म्हणाला, पण थांबवण्याच्या सुरात नाही. मग बायकोकडे वळून म्हणाला, "चार वर्षं मी लोकांना सांगतोय, माझी बायको देवमाणूस आहे, पोरीसाठी घरात गाडून घेतलंय तिने. अगं, तू पोरीलाच गाडत होतीस!"

तिने ठमीकडे पाहिलं. निदान हिने तरी... एकदा तरी मान वर करावी!

ठमीने मान वर केली.

"माझ्या वाढदिवसाला कधी कुणी आलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की अंगावर काटा यावा. "मी गॅलरीतून शाळेची बस बघायचे. तू म्हणायचीस, बाळा, तुझी छाती नाजूक आहे. माझी छाती नाजूक नव्हती. माझा खोकला तू होतीस."

इथे तिच्या तोंडात एक वाक्य आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं.

ते वाक्य असं होतं: *हे खडू दर महिन्याला कुणी दिले, वन्सं?*

कारण खडू वन्संच्या शाळेतले होते. तिथे पेनाचे फळे आल्यावर कपाटात पडून राहिलेल्या जुन्या, मऊ, भुरभुरत्या खडूंच्या पेट्या त्या गुरुवारी जेवायला येताना आणायच्या आणि भाचीच्या हाती द्यायच्या. सात जन्मांत वाकडं बोलण्यापलीकडे काही न दिलेल्या नणंदेची ती एवढी एकच माया होती. पहिल्याच वर्षी तिने पेनाने लिहायचा गुळगुळीत पांढरा फळा मागितला होता, तेव्हा याच नवऱ्याने "आम्ही काय खडूने शिकून मेलो? ताई देतेय ना, मग कशाला नखरे?" म्हणून तिला गप्प केलं होतं.

वन्संना हे आत्ता, या क्षणी आठवलं होतं. त्यांची घडी सुटली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. त्या भावजयीच्या तोंडाकडे बघत होत्या, फाशीच्या माणसाने दोराकडे बघावं तशा.

एक वाक्य! आणि ठमीच्या डोळ्यांत आत्याही कोसळली असती, बापही. मग पोर जाणार कुणाकडे? नवरा आदल्याच दिवशी म्हणाला होता की ताईचं घर शाळेला लागून आहे, तिथे खडू नाही, धूळ नाही, पोरीला तिकडे ठेवू. या जगात ठमीला एक तरी घर असं हवं होतं, जिथे तिला कुणाचा संशय येणार नाही...

तिने वाक्य गिळलं. वही मिटली.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "न्या तिला."

वन्संनी श्वास सोडला. तो श्वास फक्त तिला ऐकू आला.

शेरा

ठमीची बॅग तिने भरली. औषधांचा कागद केला: कुठलं कधी, उबळ आली तर आधी काय, रात्री उशी किती उंच. ठमीने तो बॅगेतून काढून टेबलावर ठेवला. "आता लागणार नाही," म्हणाली. आणि खरंच लागला नाही. तीन महिन्यांत एकदाही लागला नाही! याचा आनंद मानावा की याने मरून जावं, हे त्या माऊलीला कुणी सांगितलं नाही.

भिंत तिने ओल्या फडक्याने अकरा वेळा धुतली, मग तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. खिडक्यांच्या पट्ट्या नखांनी सोलून काढल्या. नवरा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. "मीठ." "दार लाव." प्रयोगशाळेत विचारून आली, तर जागा कधीच भरली गेली होती. ठमी रविवारी दोन तास यायची, पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची, वर्गातल्या गमती बापाला सांगायची. आईने विचारलं तर "बरं चाललंय" एवढंच. एकदा सोबत मैत्रीण होती. तिने विचारलं, "तुला आधी कोण शिकवायचं गं? गणितात तू सगळ्यांच्या पुढे आहेस." ठमी म्हणाली, "कुणी नाही. मी घरीच होते."

आई तेव्हा दोघींना दूध देत होती. तिने पेले ठेवले आणि आत गेली.

पुढच्याच रविवारी ठमीला घेऊन आलेल्या वन्सं खुर्चीत टेकल्याच नाहीत. दारातच उभ्या राहिल्या, चपलाही न काढता.

"मला काहीतरी सांगायचंय," त्या म्हणाल्या. "ही पोरगी रोज जेवताना म्हणते, आत्या, तू मला वाचवलंस. रोज! माझ्या घशाखाली घास उतरत नाही गं... ठमे, ते खडू मी दिले होते. आमच्या शाळेतले, टाकाऊ. तुझ्या आईने दुसरा फळा मागितला होता, तो आम्ही घेऊ दिला नाही. त्या दिवशी तिने एक शब्द काढला असता ना, तर मी तोंड दाखवू शकले नसते. तिने नाही काढला. आणि मी गप्प बसले!"

"वन्सं, कशाला..." ती कळवळून म्हणाली.

"जाऊ दे आता," नवरा वर्तमानपत्राआडून पुटपुटला. "झालं ते झालं."

ठमी कुणाकडेच बघत नव्हती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"खडूंचं. मीच तर पेट्या घ्यायचे तुझ्या हातून. त्या दिवशी टेबलापाशी बसल्या बसल्याच माझ्या लक्षात आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" वन्संचा आवाज चिरकला.

"बोलले असते तर तू मला नेलं नसतंस. आई तरी काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. ती कधीच बोलत नाही." आणि मग, इतका वेळ ताठ धरलेली मान एकदम मोडून, ती तेरा वर्षांची पोर हुंदके देऊन रडायला लागली. "मला शाळेत जायचं होतं गं आई! मला फक्त शाळेत जायचं होतं..."

ठमी आईच्या कमरेला येऊन बिलगली. तीन महिने... नव्वद दिवस आई ज्या स्पर्शासाठी झुरत होती, तो आता तिच्या पोटाशी गदगदत होता. तिने पोरीच्या केसांवर हात ठेवला. मनात राग शोधला, तो सापडला. खोल कुठेतरी, काचेच्या तुकड्यासारखा. तरी हात केसांवरून हलला नाही.

"मी इथेच राहते," ठमी रडत म्हणाली. "नको मला शाळा. तूच शिकव. मी कुठे जाणार नाही, कधीच नाही. शप्पथ!"

हो म्हण... हो म्हण! तिच्या रोमारोमातून एकच आकांत उठला. भिंत धुतली आहे, खिडक्या उघड्या आहेत, पोर स्वतःहून मागते आहे!

पण पोर शाळा सोडत नव्हती, प्रायश्चित्त घेत होती. आज राहिली असती तर उद्याही राहिली असती, परवाही; दर वेळी आईचा चेहरा बघून, दर वेळी त्या टेबलाची आठवण काढून. पुन्हा तेच बंद घर, पुन्हा तेच गुदमरणं. आणि मायेच्या दोन शब्दांनी ही जाणार नाही, हे तिला दिसत होतं. मायेने ती आणखीच चिकटली असती.

तिने ठमीचे हात कमरेपासून सोडवले. एक. मग दुसरा.

"नाही," ती म्हणाली.

"आई?"

"मला नाही शिकवायचं आता. चार वर्षं पुष्कळ झाली. मलाही माझं काही आहे." आवाज कोरडा ठणठणीत निघाला. तो कुठून आला, तिचं तिला कळलं नाही. "आणि रडणं थांबव. उद्या शाळा आहे ना? मग उशीर कशाला करतेस?"

ठमीचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला, मग ओळखीचा झाला. पुन्हा तोच शांत, ताठ, न माफ करणारा.

"चल आत्या," ती म्हणाली, आणि मागे न बघता जिना उतरू लागली.

वन्सं दारातच खिळल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पुढे होऊन, आयुष्यात पहिल्यांदा, भावजयीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "मी सांगेन तिला... एक दिवस सांगेन गं!"

"सांगू नका," ती म्हणाली. "जा. ती एकटी उतरतेय."

वन्सं गेल्या. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. खाली ठमीचा श्वास ऐकू येत होता, जोराचा, रागाने भरलेला... आणि आतून बाहेरून स्वच्छ.