बारीकशी गुणगुण

"तुमचं हे इन्व्हर्टर माझ्यासोबत गातं हो! मला एकट्याला वाचू द्या ना..."

असं म्हणत तो दुकानात शिरला आणि तिच्या हातातली सोल्डरिंग गन हवेतच राहिली. काय आवाज होता! तो एका संस्थेत अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. वीज सारखी जायची, आणि बॅटरीवर काम सुरू झालं की प्रत्येक वाक्यामागे गुणगुण.

"बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते," ती म्हणाली. "हे सर्किट तिला उलटसुलट करतं, पण धसमुसळेपणानं. लाट गोल हवी, ही चौकोनी आहे."

"मग लावा तिला वळण."

"लावते. पण चाचणीला तुम्हीच यायचं... वाचायला."

तो दर शनिवारी येऊ लागला. ती नवं सर्किट जुळवायची, कॉइल बदलायची, कपॅसिटर जोडायची. तो समोर माइकवर वाचायचा आणि मध्येच तिच्याकडे बघून ओळ चुकायचा. तिसऱ्या शनिवारी स्क्रीनवर लाट अगदी गुळगुळीत उमटली. हेडफोनमध्ये फक्त त्याचा आवाज.

"झालं?"

"छे! अजून आहे... बारीकशी." तिचे कान लाल झाले.

मग दोन महिने मशीन दुकानातच ठेवून घेऊन ती नसलेल्या गुणगुणीच्या मागे हात धुऊन लागली.

"एवढ्या दिवसांत अख्खं वीजकेंद्र उभं राहिलं असतं गं," गल्ल्यावर बसणारी तिची मावशी म्हणाली.

"मावशी, गप्प बस ना!"

एका शनिवारी तो पुस्तक न घेताच आला. पुस्तकं वेळेत होईनात म्हणून संस्थेनं रेकॉर्डिंगची खोली बंद केली होती. त्यानं दूरच्या शहरात रेडिओवर नोकरी धरली होती. उद्या सकाळी निघायचं होतं.

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. पुस्तकांची वाट बघणारी ती सगळी माणसं...

"माझ्यामुळे झालं हे. मशीन तिसऱ्या शनिवारीच तयार होतं. मी खोटं बोलले."

"माहीत आहे. दिवसभर हेडफोन लावून बसणारा माणूस मी. गुणगुण गेलेली मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल..."

दोघंही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"राहता नाही येणार?"

"सही करून बसलोय."

तो माइकसमोर बसला. "एकदा शेवटचं ऐका. आज पुस्तकातलं नाही."

तिनं हेडफोन चढवले. तो अडखळत, थांबत, पहिल्या दिवसापासूनचं सगळं बोलला... ती नुसती ऐकत राहिली. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं मात्र राहूनच गेलं.