पुंजाजीमामा गाव दाखवतात

लाईट लवकर येणार नाही. रविवारी गेली की अंधार पडून बराच वेळ झाल्याशिवाय येत नाही आमच्या भागात. मेणबत्ती आहे तोवर सांगते. फक्त मला आवाज मोठा करायला लावू नका, हल्ली बोलतानाही दम लागतो.

मी मूळची देऊळगाव राजाची. बी.एस्सी. झाल्यावर खामगावात एका बियाणे तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी लागली. काम अवघड नव्हतं. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागदाच्या गुंडाळ्या करून ठेवायच्या, आणि काही दिवसांनी उलगडून किती उगवल्या ते बघायचं. अवघड होतं ते एकटीनं राहणं. मी भित्री आहे. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं भांडं पडतं. कॉलेजच्या होस्टेलवर रात्री बाथरूमला जायचं तर मी शेजारच्या मुलीला उठवायची, आणि ती बिचारी डोळे मिटूनच माझ्यामागे यायची.

निघताना राजकुमारदादा आईला म्हणाला, "हिची गादी गुंडाळून ठेवू नको. चार दिवसांत परत येते बघ."

आई हसली नाही. तिनं अट घातली. महिनाभर राहून दाखवायचं. नाही जमलं तर मुकाट्यानं घरी यायचं आणि चिखलीच्या स्थळाला हो म्हणायचं. त्या मुलात काही वाईट नव्हतं. पण मला नोकरी हवी होती. एकटीनं राहता आलं तर नोकरी, नाहीतर चिखली, इतकं ते सरळ होतं.

खोली मिळाली ती शैलजाताईंच्या गच्चीवर. ताई पंचायत समितीत क्लार्क आहेत. सामान लावून झाल्यावर त्या चहा घेऊन वर आल्या आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. पुंजाजीमामांना सांगते. गावात नवीन मुलगी नोकरीला आली की मामा तिला सगळं गाव पायी फिरवून दाखवतात. घेत काही नाहीत, हौस आहे त्यांना. फक्त एका वेळी एकीलाच नेतात हं. मागं दोन शिक्षिका एकदम तयार झाल्या, तर म्हणाले, आज एक या, दुसरी उद्या."

"असं का?"

"म्हातारे झालेत गं. दोघींची बडबड झेपत नसेल."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागल्यावर मामा आले. पांढरा पायजमा, टोपी, खांद्याला कापडी पिशवी. चेहरा असा दमलेला, की यांना फिरायला लावण्यापेक्षा बसायला खुर्ची द्यावी असं वाटलं.

"तूच का वं देऊळगावची?"

"हो मामा."

"चाल मंग. दिवेलागणीपर्यंत होऊन जाते."

कापसाचे दिवस होते. जिनिंगकडून येणारे बारीक तंतू हवेत तरंगत होते, विजेच्या तारांवर, झाडांवर, माणसांच्या केसांवर बसत होते. सरकीच्या तेलाचा जड वास सगळीकडे. मामा रस्त्याच्या कडेनं चालत होते आणि मी त्यांच्या उजव्या हाताला. मागून मोटरसायकल आली म्हणून मी दचकून त्यांच्याजवळ सरकले, तर ते हळूच म्हणाले, "इकडं नको येऊ पोरी. तिथंच चाल." मग माझ्या लक्षात आलं, आमच्या दोघांत त्यांनी पहिल्यापासून जागा सोडली होती. एक माणूस मावेल एवढी.

वाटलं, जुनी माणसं. परक्या मुलीला अंतर ठेवून चालत असतील.

"हे गिरणी," मामा थांबून म्हणाले. "दळण सकाळी टाकाचं. संध्याकाळी गर्दी असते." मग मान थोडी खाली वळवून तेच पुन्हा, अगदी हळू आवाजात म्हणाले. "हे गिरणी. दळण सकाळी टाकाचं."

पुढं भाजीबाजार आला. "इथं कोपऱ्यावरच्या बाईजवळ मेथी चांगली भेटते." आणि पुन्हा तेच, खालच्या आवाजात, मधल्या रिकाम्या जागेकडे बघत. फरशी म्हणतात त्या चौकात चांदीची दुकानं दाखवली, औषधाचं दुकान दाखवलं, रिक्षा कुठं उभ्या असतात ते दाखवलं. प्रत्येक गोष्ट दोनदा. माझे आजोबाही शेवटी शेवटी असंच करायचे, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. वाटत होतं ते दुसरंच. मी थकत चालले होते. फार चालले होते असं नाही. पण झोपलेलं लहान मूल खांद्यावर घेऊन चालल्यावर जसं होतं, तसं एका बाजूनं अंग उतरत होतं.

एका बांगड्यांच्या दुकानात मामा शिरले. दुकानात अन्नपूर्णाबाई म्हणून एक जाड चष्म्याच्या बाई बसल्या होत्या.

"या वेळी कोण आणली मामा?"

"देऊळगावची हाये. बियाण्याच्या लॅबमदी लागली."

"अशीच वाळकी हाये का नोकरीनं वाळली?" बाई हसल्या. मग माझा हात हातात घेऊन माप बघत त्यांनी आवाज खाली आणला. "मामा... हिले इचारलं का?"

"अजून नाई. टेशनावर इचारतो."

त्यांनी हिरव्या काचेच्या बांगड्या काढून कागदात गुंडाळल्या. मी म्हटलं, "मामा, मला नकोत. आणि या माझ्या हातात चढणारही नाहीत, लहान आहेत."

"तुह्यासाठी नाईत वं माय," मामा म्हणाले आणि पुडी पिशवीत टाकली.

स्टेशनवर पोचलो तेव्हा दिवे लागायच्या बेतात होते. जलंबला जाणारी छोटी गाडी उभी होती, पण तिच्यात फारसं कोणी नव्हतं. फलाटाच्या टोकाला, लिंबाखाली एक बाक होता. मामा त्याच्या एका टोकाला बसले. मी बसायला गेले तर त्यांनी हातानं दुसरं टोक दाखवलं. मध्ये पुन्हा तेवढीच जागा.

इथं सरकीचा वास नव्हता. दुसराच होता. घरात कोणी खूप दिवस तापानं पडून असलं, की त्याच्या पांघरुणाला येतो तसा... उबट, आंबूस, बामाचा. मी इकडंतिकडं पाहिलं. फलाटावर एक कुत्रं झोपलं होतं, बाकी कोणी नव्हतं.

"पोरी," मामा म्हणाले, "एकटी राहशीन इथं?"

सकाळपासून मी आईला सांगण्यासाठी उत्तर घोकत होते. हो, राहीन. मला जमेल. तेच मामांनाही सांगायचं होतं. पण माझे पाय ठणकत होते, डोळे मिटत होते, आणि त्यांनी असं मायेनं विचारलं की खरं तेच तोंडातून आलं.

"नाही हो मामा. मला एकटीला नाही जमत. कोणी सोबतीला असती तर बरं झालं असतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कोणीबी चालन?"

"कोणीही चालेल."

"नीट सांग, माय. मंग नाई म्हणू नको."

"नाही म्हणणार. खरंच, कोणीही चालेल."

मामांनी डोळे मिटले. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग पिशवीतून बांगड्यांची पुडी काढली, सोडली, आणि आमच्या मधल्या जागेवर ठेवली. "घे वं," ते म्हणाले. माझ्याशी नाही.

"मामा... कोणाशी बोलताय?"

"आमची पोरगी, पुष्पांजली," ते म्हणाले. दमलेल्या माणसाच्या सपाट आवाजात सांगत गेले. "खामगावात नोकरी लागली होती तिले. खेड्यातून रोजचं येणं-जाणं जमे ना, खोली करून राहा लागे. मनकर्णा, तिची माय, म्हणे, एकटी नाई ठेवत. सोबत भेटली तं जाऊ दे. मी सोबत पाहून राह्यलो होतो. इकडं इचारलं, तिकडं इचारलं. तेवढ्यात ताप आला... अन् गेली."

गाडीनं शिट्टी दिली. नेहमीसारखी मी दचकले नाही. दचकायलाही अंगात जोर नव्हता.

"दहाव्याले पिंड ठेवला, तं कावळा शिवे ना. झाडावर भरून बसले होते, एक खाली उतरे ना. तिचा भाऊ म्हणे, तुहं नाव माह्या पोरीले ठेवतो. नाई. मनकर्णा म्हणे, तुह्या साड्या कोणाले देत नाई. नाई. उन्हं डोक्यावर आली. भटजी दर्भाचा कावळा कराले बसले. तवा म्या पुढं होऊन म्हणलं, पुष्पे, तुले सोबत पाहून देतो. एवढं म्हणलं, अन् कावळा खाली आला."

त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"शब्द देल्ला होता. ज्या ज्या पोरी आल्या त्यायले गाव दाखवलं, इचारलं. त्या म्हणत, आम्ही राहू एकट्या. मंग कशी लावून देऊ? आपली पोरगी अशी कोणाच्या गळ्यात नसते बांधाची. तू हो म्हणली."

"मामा, मी तसं नव्हते म्हणाले..." माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"पुन्हा पुन्हा इचारलं ना म्या."

ते उठले. चालत गेले ते इतके भराभर, इतके हलके, की हे तेच म्हातारे आहेत का असं वाटावं. फलाटाच्या वळणावर त्यांनी एकदा मागं वळून हात हलवला. माझ्याकडं बघून नाही. माझ्या डाव्या बाजूला, जरा खाली.

मी बाकावर पाहिलं. कागद होता. बांगड्या नव्हत्या.

खोलीवर कशी आले ते आठवत नाही. पण खरं सांगू? त्या रात्री मी गाढ झोपले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या घरात, दिवा मालवून. नंतरही तसंच. दार वाजलं, मांजर ओरडलं, तरी भीती नाही. भीती वाटायला माणूस एकटं असावं लागतं.

लॅबमध्ये सकाळी जावं तर माझ्या गुंडाळ्यांवर आधीच पाणी शिंपडलेलं. सोबतची गार्गी म्हणायची, "पूनम, तू किती लवकर येतेस गं? आम्हाला साहेबांना तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस." न केलेल्या कामानं माझे खांदे दुखत असायचे. जेवले तरी अंगी लागायचं नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या. घेतल्या. रक्त कमीच राहिलं.

महिना झाला. फोनवर आई म्हणाली, "जमलं की गं तुला!" तिच्या आवाजात एवढा आनंद होता, की मला रडू आलं. मी म्हटलं, "आई, मला घरी यायचंय. चिखलीला हो कळव." मग म्हणाली, "दादाला पाठवते."

राजकुमारदादा आला तो सकाळीच. मला बघून चेष्टा करायची विसरला. "काय दशा करून घेतली गं तू..." एवढंच म्हणाला आणि बॅग उचलून रिक्षा बघायला खाली गेला. वाटेत खायला मी भाकरी बांधून घेत होते. तिचा एक तुकडा मोडून गच्चीच्या कठड्यावर ठेवला. का ठेवला, माहीत नाही. घरी आई रोज ठेवते.

कावळा आला. तुकड्याजवळ बसला. शिवला नाही.

दुसरा आला, तिसरा आला. पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसले. एकही ओरडेना. खालून दादाची हाक आली, "पूनम, रिक्षा थांबलीय! देऊळगावची बस जाईल!"

"आले!" मी म्हटलं. कावळे हलले नाहीत.

मी कठड्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "आईला भेटून परत येते." नाही. "चार दिवसांत येते..." नाही. जवळचा कावळा मान वाकडी करून बघत होता. माझ्याकडं नाही, माझ्या शेजारी. तो उबट वास आला. बामाचा.

"पूनम!" दादा जिना चढत होता. त्याची पावलं ऐकू येत होती. तो आला असता तर त्यानं मला हाताला धरून नेलं असतं, मी गेले असते. अजून काही पायऱ्या होत्या. आणि मी इतकी थकले होते...

"बरं," मी म्हटलं. "नाही जात. इथंच राहते."

कावळ्यानं तुकडा उचलला.

दादाला मी काय सांगून परत पाठवलं, ते राहू दे. तो बोलत नाही आता माझ्याशी. मी मात्र तेव्हापासून एकाच गोष्टीचा विचार करते आहे. इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. आणि ती इच्छा असते मेलेल्या माणसाची, ज्याच्या नावानं घास ठेवला त्याची. पण तो तुकडा मी पुष्पांजलीच्या नावानं ठेवला नव्हता. माझ्याच शिदोरीतला होता तो. माझ्या नावचा.