सातवा उमेदवार

बसा. पंखा बंद केला तर चालेल ना? त्याच्या घरघरीत मला जिन्यावरचं ऐकू येत नाही.

मी सांगतो ते तुम्ही तपासून घ्या. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. चाळीस वर्षं इथे बनारसच्या विद्यापीठात भूविज्ञान शिकवलं, पण आताशा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. भर कचेरीत एका माणसाने माझी स्मृती गेली आहे असं सांगितलं, तेव्हा मलाही क्षणभर ते पटलं होतं. म्हणून तपासून घ्या म्हणतो.

गुरुवार होता, सोळा ऑक्टोबर. दिवाळी चार दिवसांवर आलेली. दुपारी अडीचला मी दुर्गाघाटावरच्या घरातून निघालो, खिशात दोन पेनं टाकून. पूर ओसरला होता, पण घाटांवर गुडघाभर गाळ, म्हणून गल्ल्यांतून मुन्शी घाटापर्यंत चालत गेलो. काम साधं होतं. विश्वेशने सात मुलांची तोंडी परीक्षा घ्यायला बोलावलं होतं.

विश्वेश माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. इथलाच, आपल्या मराठी मंडळींतला. परदेशातल्या वायूच्या प्रकल्पांना माणसं पुरवायची त्याची कंपनी आहे. निवृत्त झाल्यापासून मला कोणी परीक्षेला बोलावलं नव्हतं. त्याच्या फोनने मी किती सुखावलो, हे आठवलं की आज लाज वाटते.

आणि निमिषला मीच त्याच्याकडे पाठवलं होतं. निमिष माझ्या भाचीचा, कालिंदीचा, एकुलता मुलगा. कालिंदी आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहते. नवरा गेल्यावर शिकवण्या घेऊन तिने त्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करवला. तेल आणि वायूच्या क्षेत्रात जायचं वेड त्याच्या डोक्यात मीच भरवलेलं. दोन वर्षं तो अर्ज करत होता आणि प्रत्येक ठिकाणी एकच अट, किमान दोन वर्षांचा अनुभव. एकदा जेवताना म्हणाला, "आजोबा, पहिला अनुभव कुठे मिळतो, तेवढा पत्ता द्या." कालिंदी हसली. मी उठून विश्वेशला फोन लावला.

तुमचा शब्द हाच अनुभव, असं विश्वेश म्हणाला होता. तिकडे उतरल्यावर पंधरा दिवस सुरक्षेचं प्रशिक्षण देतात, मगच प्रकल्पात पाऊल टाकू देतात, असंही म्हणाला. मी ते जसंच्या तसं कालिंदीला सांगितलं. माझ्या तोंडून आलं म्हणून तिने मान्य केलं. सप्टेंबरच्या शेवटी निमिष वाळवंटातल्या प्रकल्पावर गेला.

मुन्शी घाटावर एका गेस्ट हाऊसमध्ये विश्वेशने खोली घेतली होती, दुसऱ्या मजल्यावर. दगडी भिंती, नदीकडे एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या. खाली डिझेलच्या पंपाने पायऱ्यांवरचा गाळ धुणं चाललं होतं, त्या आवाजाने खिडकीची काच थरथरत होती. ओल्या गाळाचा आणि डिझेलचा वास खोलीभर. विश्वेशने पाया पडून सात फॉर्म टेबलावर ठेवले. काही मुलं आधीच कामावर रुजू झाली आहेत, कागद तेवढे मागे राहिलेत, असं तो म्हणाला. सही करा, तारीख मोकळी सोडा, ऑफिसात शिक्का मारताना टाकतो, हेही म्हणाला. मग त्याचा फोन वाजला आणि तो खाली गेला.

मी चष्मा पुसत होतो. वर पाहिलं तर पहिला मुलगा समोरच्या खुर्चीत बसलेला होता.

कुशल नाव, गाझीपूरकडचा. नारिंगी बॉयलर सूट, इतका कोरा की घडीच्या रेषा मोडल्या नव्हत्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला, अनुभव किती.

"साढ़े तीन घंटे, सर."

मला हसू आलं. दिवस नाहीत, महिने नाहीत, तास. निदान खरं बोलतो, असं वाटलं. पुढचा प्रश्न विषारी वायूचा. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो. आमच्या स्वयंपाकघरात कधी अंडं आलं नाही, पण चाळीस वर्षं मी वर्गात तो वास समजावत आलो. थोडा असला तर वास येतो. वाढला की नाक बधिर होतं आणि वास थांबतो. वास थांबणं हीच खरी धोक्याची वेळ, हे पुस्तक वाचणाऱ्यालाही पटकन सांगता येत नाही. मी विचारलं, वायू आहे हे कसं ओळखशील?

"पहले बदबू आई, सर. फिर बंद हो गई. हमने सोचा... चली गई."

"और अलार्म?"

"बजा नहीं."

उत्तर बरोबर होतं. भूतकाळात का बोलतो, हे मला खटकायला हवं होतं. मी शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं आणि कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला. ही माझी जुनी सवय. तोंडी परीक्षा संपली की मुलाकडून मागच्या बाजूला सही, तारीख आणि वेळ लिहून घ्यायची, म्हणजे पुढे वाद नको. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सावकाश लिहिलं. पेन मला परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. थंड नव्हती. कसलीच नव्हती.

दुसरा आला. साढ़े तीन घंटे. तिसरा आला. साढ़े तीन घंटे. आता मला वाटू लागलं की यांनी आपसांत ठरवून म्हाताऱ्याची गंमत चालवली आहे. चौथ्याला मी जरा जरबेने विचारलं की तिकडे प्रशिक्षण काय दिलं. तो हळूच म्हणाला, "आप दे रहे हैं ना, सर... अभी."

पाचव्या मुलाच्या वेळी लक्षात आलं, पंप केव्हाचा बंद झाला होता. काच थरथरत नव्हती. खोलीत गाळाचा वास नव्हता, डिझेलचा नव्हता, माझ्या शर्टाला असतो तो कापराचाही नव्हता. मी रुमाल नाकाशी धरला. काहीच नाही. माझं मलाच म्हटलं, सर्दी झाली असेल.

सहाव्याची सही झाली. सातवा आत आला तो निमिष.

मला आनंद झाला आणि रागही आला. बनारसला येऊन हा आधी आईकडे गेला नाही. म्हटलं, अरे, कधी आलास? तो खुर्चीत बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "आजोबा, मला विचारा. मला सगळं सांगायचंय."

आता मी काय केलं ते ऐका. मी फॉर्म बाजूला ठेवला. घरच्या मुलाची परीक्षा आपण घेणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं. नोकरीत मी हा नियम कधी मोडला नव्हता. मी म्हटलं, तुझी परीक्षा विश्वेश घेईल, तू बाहेर थांब.

"आजोबा, मागे सही तरी घ्या माझी."

"थांब म्हटलं ना. बोलावतो."

तो गेला. जिन्यावर बसल्याचा आवाज आला.

विश्वेश आला तेव्हा साडेपाच वाजले होते. मी म्हटलं, मुलं चांगली तयार आहेत, निमिष तेवढा राहिला, तो बाहेर बसलाय. विश्वेश दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. परत फिरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच. चहाला गेला असेल म्हणाला. सातवी सही करून टाका सर, आपलाच मुलगा आहे, त्याचं अडू नये.

मघाशी ज्या नात्यामुळे मी त्याला बाहेर काढलं, त्याच नात्यासाठी न विचारता सही केली. विश्वेशने फॉर्म न उलटता बॅगेत टाकले.

घरी येऊन मी कालिंदीला सांगितलं, निमिष आलाय. तिने भरली वांगी केली. रात्रभर दाराला कडी लावली नाही.

सकाळी फोन आला. सोमवारी, म्हणजे माझ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी, प्रकल्पात विषारी वायूची गळती झाली होती. सात मुलं गेली. दोन आठवडे त्यांना छावणीत नुसतं बसवून ठेवलं होतं. सोमवारी पहिल्यांदाच आत सोडलं, कसलंही प्रशिक्षण न देता. पाळी सुरू होऊन साडेतीन तास झाले होते.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. इथल्या सरकारी कचेरीत चौकशी बसली तेव्हा कंपनीने सात फॉर्म पुढे केले. तारीख ऑगस्टची, खाली माझी सही. मुलं प्रशिक्षित होती, एका जाणत्या प्राध्यापकाने त्यांना पास केलं होतं, चूक त्यांचीच. हे टिकलं असतं तर सातही घरांना हेच ऐकावं लागलं असतं, की तुमचा मुलगा स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला. कालिंदीला एवढंच हवं होतं, की हे निमिषच्या नावापुढे लिहिलं जाऊ नये.

फेब्रुवारीत जबाबाच्या दिवशी विश्वेशने कचेरीच्या व्हरांड्यात माझ्या पाया पडून घेतलं. मी आत सांगितलं की सह्या ऑगस्टच्या नाहीत, सोळा ऑक्टोबरच्या आहेत. मुलं समोर येऊन बसली होती, हेही सांगितलं. चौकशी अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. विश्वेश अगदी मायेने म्हणाला, "सरांचं वय झालंय, मॅडम, स्मृती राहिली नाही. मीच त्यांना त्रास द्यायला नको होता." माझ्याच शिकवणीत तो असं बोलायला शिकला होता, ठाम आणि हळू. सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

मी म्हटलं, कागद उलटे करा.

बाईंनी एकेक उलटला. सहा कागदांवर सहा वेगवेगळ्या हातांनी सही, सोळा ऑक्टोबर, आणि वेळ. तीन वीस. तीन पंचेचाळीस. कुशलचा बाप खुर्चीतून उठला आणि त्या अक्षरावर हात ठेवून उभा राहिला. विश्वेशने कागदांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. तीत भीती होती, आणि आपण फसवले गेलो असा राग होता. त्याला.

सातवा कागद मागून कोरा होता.

निकालात लिहिलं होतं की सहा कागदांतील तारखा परस्परविरोधी असल्याने ते ग्राह्य धरता येत नाहीत. त्या सहा मुलांवरचा ठपका गेला. आणि पुढे एक ओळ होती, सातव्या कागदात दोष आढळत नाही. म्हणजे निमिषवरचा ठपका कायम.

घरी आल्यावर कालिंदी जिन्यात थांबून म्हणाली, "मामा, परक्यांची घेतलीत. त्याचीच का नाही घेतली?"

नियम होता म्हणून?

तिनेच मला परत तिथे नेलं. गेस्ट हाऊसच्या मालकाकडून तिने ती खोली मागून घेतली. वेळ तीच, दुपारी तीन. मी एक कोरा फॉर्म टेबलावर ठेवला, शेजारी पेन. कालिंदी माझ्या बाजूला उभी. खाली नावाडी एकमेकांना हाका मारत होते, बाकी सगळं रोजचं. मला हाक मारवत नव्हती. तो आला तर आधी कोणाचं नाव घेईल, हे मला माहीत होतं.

"बोलवा," कालिंदी म्हणाली.

मी म्हटलं, "निमिष... ये."

जिन्यावर कोणीतरी उठलं. पावलं दारापर्यंत आली. नावाड्यांचे आवाज बंद झाले. मला दारात कोणी दिसलं नाही. पण कालिंदीचा चेहरा बदलला. पोर शाळेतून आलं की बाई जशी हात पुसत पुढे होते तशी ती पुढे झाली, समोरची खुर्ची मागे ओढली, थोडा वेळ मान वाकवून ऐकत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, तो म्हणतो... तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर पायरीवर बसलो. आत कालिंदीचा आवाज येत होता, मधूनमधून "हं", मधूनमधून "मग?" अंधार पडायला लागला तरी कोणी मला बोलावलं नाही. ती आली तेव्हा कागद पदराखाली होता. मी मागितला नाही आणि तिने दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो रजिस्टर्ड पोस्टाने कचेरीला पाठवला.

काल मला नोटीस आली. ही पाहा. मी सात वेळा वाचली आहे, तुम्ही एकदा वाचा, म्हणजे माझ्या डोळ्यांची चूक असेल तर कळेल. चौकशी पुन्हा उघडली आहे. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांत विश्वेशचं नाव वर आहे. साक्षीदारांची यादी खाली आहे, तीत मी नाही. माझं नाव विश्वेशच्या नावाखाली आहे.

आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, सोबतच्या अकरा पानी हस्तलिखित जबाबाबाबत आपलं म्हणणं मांडावं.

मी टेबलावर एकच कागद ठेवला होता.